रुळणे आणि उतरंड : परदेशातून आणलेल्या परिचारिकांचा प्रश्न

१

नव्या नोकरीत माणूस 'रुळला' असे आपण सहज बोलून जातो. या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. रुळायचे असते ते नव्याने आलेल्याने. ज्या जागी तो आला ती जागा जशीच्या तशी राहणार. तो रुळला नाही तर उणीव त्याची. हे गृहीत दलितांना नवे नाही. राखीव जागेवर नेमलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, अभियंत्याला 'अजून रुळलेले दिसत नाहीत' हे शब्द ऐकावे लागले आहेत. ती कचेरी कशी आहे, तिथे कोणाच्या पुढ्यात कोणते काम सरकवले जाते, बढतीच्या वेळी कोणाची आठवण होते, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

परदेशातून भरती करून आणलेल्या परिचारिका इस्पितळात कशा रुळतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो दूरचा वाटेल. पण आता तो तसा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत. केरळातील मुली गेली साठ वर्षे ज्या वाटेने जात आहेत, ती वाट आता आपल्या तालुक्यांपर्यंत येऊ पाहते आहे. जी.एन.एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या वस्तीतल्या मुली आमच्यासारख्या शिक्षकांना विचारू लागल्या आहेत : सर, जावे का? त्यांना पगाराचा आकडा कोणीतरी सांगितलेला असतो. थंडी, भाषा आणि जेवण यांची सवय व्हायला सहा महिने लागतात, हेही सांगितलेले असते. तिथल्या वॉर्डात पायऱ्या किती आहेत आणि आपल्याला कोणत्या पायरीवर उभे करणार आहेत, हे मात्र सांगितलेले नसते.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव ज्या देशांकडे आहे त्यांत ब्रिटन हा एक. म्हणून येथे मुख्यतः ब्रिटनचा विचार केला आहे.

२

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गरीब असो वा श्रीमंत, उपचार विनामूल्य, हे तिचे तत्त्व. एका भांडवलशाही देशाने केलेली ही मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण इस्पितळांत खाटा होत्या, नर्सेस पुरेशा नव्हत्या. युद्धानंतर इंग्रज तरुणींना कारखाने, कचेऱ्या, दुकाने अशी दारे खुली झाली होती. नर्सचा पगार तुटपुंजा, राहण्या-वागण्याचे नियम कडक आणि वाट्याला रात्रपाळ्या. तेव्हा सरकारने शेजारच्या आयर्लंडबरोबरच आपल्या वसाहतींकडे नजर वळवली. १९४९ पासून कॅरिबियन बेटांवर, म्हणजे बार्बाडोस, जमेका, त्रिनिदाद येथे, रीतसर भरती होऊ लागली. या मुली आपण होऊन घुसल्या नव्हत्या, त्यांना बोलावले होते. १९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्कही होता.

त्या आल्या आणि इस्पितळाच्या दारातच त्यांच्या दोन वाटा झाल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा नर्स होण्याचे दोन मार्ग होते. एक तीन वर्षांचा. तो पुरा करणारी 'स्टेट रजिस्टर्ड नर्स' होई; तिला पुढे स्टाफ नर्स, सिस्टर, मेट्रन अशी चढण मोकळी असे. दुसरा दोन वर्षांचा. १९४३ च्या कायद्याने सहायक नर्सेससाठी एक वेगळी नोंदवही केली होती. त्या नोंदवहीतील नर्सला १९६१ नंतर 'स्टेट एन्रोल्ड नर्स' म्हणू लागले. पहिल्या मार्गावरच्या मुलीला 'स्टुडंट' म्हणत, दुसऱ्या मार्गावरच्या मुलीला 'प्युपिल'. आपल्याकडे दोन्ही शब्दांचा अर्थ विद्यार्थिनी असाच होईल. पण त्या दोन शब्दांच्या मध्ये एक भिंत होती. एन्रोल्ड नर्स जन्मभर एन्रोल्डच राही. तिला सिस्टर होता येत नसे. वर चढायचे तर पुन्हा शिकायला बसावे लागे. शिवाय ही दोन वर्षांची पात्रता तिच्या मायदेशी ग्राह्य धरली जात नसे. चार वर्षांनी घरी परतून आपल्या बेटावरच्या इस्पितळात चांगली जागा मिळवू, या आशेने निघालेल्या मुलीचा परतीचा रस्ताच अशा रीतीने बंद होई.

कॅरिबियन मुलींपैकी फार मोठ्या संख्येने मुली या दुसऱ्या मार्गावर घातल्या गेल्या. त्यांतील अनेकींपाशी पहिल्या मार्गाला लागणारे शालेय शिक्षण होते. दोन मार्ग आहेत हेच पुष्कळ जणींना ठाऊक नव्हते. कागद पुढे आला, सही केली. पुढे दोन-तीन वर्षांनी बरोबरची गोरी मुलगी सिस्टर होण्याच्या वाटेला लागली तेव्हा त्या सहीचा अर्थ कळला. या स्त्रियांनी उतारवयात दिलेल्या मुलाखतींत ही हकीकत इतक्या वेळा येते की तिला अपवाद म्हणता येत नाही.

कामाची वाटणीही याच धोरणाने झाली. नामवंत शिक्षण-इस्पितळांत काळ्या मुलींना प्रवेश अवघड. मनोरुग्णालये, वृद्धांचे वॉर्ड, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्यांची इस्पितळे, जिथे इंग्रज मुली जायला तयार नसत, तिथे त्या भरल्या गेल्या. रात्रपाळ्या त्यांच्या. काही रोगी काळ्या हाताचा स्पर्श नको म्हणून तोंड फिरवत. ज्याला उठून बसण्याचीही ताकद नाही असा माणूस आपल्याला उठवून बसवणारा हात झिडकारतो, हे दृश्य आपल्याला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटेल.

१९६० ते १९६३ या काळात इनॉक पॉवेल हा ब्रिटनचा आरोग्यमंत्री होता. त्याच्या कारकिर्दीत इस्पितळे वसाहतींतून आलेल्या नर्सेसच्या बळावर चालत होती. याच पॉवेलने २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे, या लोकांच्या येण्याने देशाचा सर्वनाश ओढवेल अशा आशयाचे कुप्रसिद्ध भाषण केले. हात हवे होते, माणसे नको होती. गावकुसाबाहेरच्या माणसांविषयी गावाची भूमिका याहून वेगळी होती काय?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नर्सिंगचे शिक्षण बदलले आणि एन्रोल्ड नर्सचे प्रशिक्षण क्रमाने बंद पडले. परंतु ज्यांचे आयुष्य त्या पायरीवर गेले त्यांचे गेले. पुढे २०१८ साली असे उघडकीस आले की कॅरिबियनमधून त्या काळात कायदेशीररीत्या आलेल्या आणि पन्नास पन्नास वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्या माणसांना कागद दाखवता येत नाहीत म्हणून बेकायदेशीर ठरवले जात होते. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढले गेले. सरकारला माफी मागावी लागली. अर्धे शतक राहूनही माणूस रुळला की नाही हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्याच हाती होता, एवढे यावरून स्पष्ट होते.

३

आजची पद्धत वरकरणी पुष्कळ न्याय्य आहे. वेगळी नोंदवही नाही. भारतातून किंवा फिलिपीन्समधून जाणाऱ्या नर्सला इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची लेखी परीक्षा आणि ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली की नर्सिंग परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि क्रमांक मिळतो. २०२५ मध्ये त्या नोंदवहीत सुमारे साडेआठ लाख नावे होती आणि त्यांतील जवळजवळ दोन लाखांचे शिक्षण परदेशात झालेले होते. त्यांत भारत आणि फिलिपीन्स यांचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे ब्रिटनमधील आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या दर चार-पाच जणींतील एक बाहेरून शिकून आलेली आहे.

नोंदणी होईपर्यंत ती नर्स नसते. तिला खालच्या श्रेणीत, साहाय्यक म्हणून काम व पगार मिळतो. नोंदणीनंतर ती पाचव्या श्रेणीत येते. ही श्रेणी नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या इंग्रज मुलीची. मुंबईच्या किंवा रियाधच्या अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेली नर्सही बहुधा त्याच श्रेणीपासून सुरुवात करते.

पहिल्या काही महिन्यांत तिच्यापुढे येणाऱ्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. त्या वेगळ्या न केल्यास विचारात गोंधळ होतो.

पहिला प्रकार निव्वळ वेगळेपणाचा. औषधांची नावे वेगळी, यंत्रे वेगळी. रोग्यांची बोली परीक्षेतल्या इंग्रजीशी जुळत नाही; म्हातारी बाई 'पेनी खर्च करायची आहे' म्हणते तेव्हा तिला लघवीला जायचे असते. आपल्याकडे डॉक्टर आले की सिस्टर उभी राहते, सांगितले ते लिहून घेते. तिथे डॉक्टरला नावाने हाक मारतात आणि औषधाचे प्रमाण चुकीचे वाटले तर नर्सने त्याला तोंडावर विचारलेच पाहिजे. विचारले नाही तर जबाबदार तीही. प्रत्येक गोष्ट कागदावर किंवा संगणकात नोंदवायची. जे नोंदवले नाही ते केलेच नाही असे धरले जाते. हे सारे शिकता येते. त्यासाठी लागतो वेळ, आणि विचारले तर हसणार नाही असे एक माणूस. जिथे सुरुवातीचे काही आठवडे नव्या नर्सला वॉर्डाच्या मोजदादीत न धरता अनुभवी नर्सच्या जोडीने काम करू देतात, तिथे ती लवकर तयार होते. जिथे माणसे कमी म्हणून तिला दुसऱ्याच दिवशी बारा रोग्यांपुढे उभे करतात, तिथे ती चुकते आणि मग 'परदेशी नर्सेस कच्च्या असतात' हा समज पक्का होतो.

दुसरा प्रकार वेगळेपणाचा नव्हे, विषमतेचा. नव्या इस्पितळाचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिला शिरेत सुई घालू देत नाहीत. जे काम तिने हजारो वेळा केले ते तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी तिला शिकवते. रोग्याच्या सुरक्षिततेसाठी तपासणी आवश्यक आहे, हे मान्य. पण तपासणी एकदा होते आणि संशय पुढेही टिकतो, तेव्हा तो सुरक्षिततेचा प्रश्न राहत नाही. ती गप्प बसली तर तिला आत्मविश्वास नाही म्हणतात. बोलली तर उद्धट ठरते. विश्रांतीच्या खोलीत दोन मल्याळी मुली आपसांत आपल्या भाषेत बोलल्या तर तक्रार होते. ब्रिटनमधील नर्सेसच्या रॉयल कॉलेजने २००३ साली परदेशी नर्सेसच्या अनुभवांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच मुळी 'आम्हांला आदर हवा' असा होता. पगार हवा, घर हवे, असे ते शीर्षक नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

४

आता अशा एका गोष्टीकडे वळले पाहिजे, जिच्याविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही.

भारतातून गेलेल्या नर्सेसची एक तक्रार वारंवार ऐकू येते : 'आम्ही पदवीधर, आणि इथे आम्हांला रोग्यांना आंघोळ घालावी लागते, बेडपॅन द्यावे लागते, घाण पुसावी लागते.' जर्मनीत गेलेल्याही हेच बोलतात, कारण तिथल्या नर्सिंगमध्ये शरीराच्या शुश्रूषेचा वाटा आणखी मोठा आहे. या तक्रारीत दोन धागे एकत्र वळले गेले आहेत.

एक धागा खरा आहे. अवघड काम येत असताना एखादीला केवळ ती परकी म्हणून सोप्या कामावर डांबून ठेवणे, तिचे कौशल्य गंजू देणे, हा अन्याय आहे. साठ वर्षांपूर्वीच्या एन्रोल्ड नर्सचीच ती नवी आवृत्ती.

दुसरा धागा आपण बरोबर नेलेला आहे. आपल्या इस्पितळातील वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर वर. त्याखाली सिस्टर. रोग्याला पुसणे, भरवणे हे नातेवाइकांकडे. बेडपॅन 'मावशी'कडे. स्ट्रेचर 'मामा'कडे. फरशीवरचे रक्त आणि संडास सफाई कामगाराकडे. मावशी आणि मामा ही नाती किती गोड! पण त्या नात्याने हाक मारल्या जाणाऱ्या माणसांची आडनावे वाचा, म्हणजे ती पायरी कोणाची आहे हे कळेल. घाणीचे काम जसजसे वाढत जाते तसतशी जात खाली उतरत जाते. नर्सिंगचाही इतिहास तोच. परक्या माणसाच्या शरीराला, त्याच्या मलमूत्राला स्पर्श करणारे काम म्हणून सवर्ण घरांनी आपल्या मुलींना दीर्घकाळ या व्यवसायापासून दूर ठेवले. तो उचलला मिशनच्या इस्पितळांत शिकलेल्या ख्रिस्ती मुलींनी. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार नर्सेस होत्या. या टंचाईची कारणे अनेक. पण विटाळाची कल्पना हे त्यांतील एक ठळक कारण होते. पुढे व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली ती कशी? विटाळाची कल्पना मोडून नव्हे. विटाळाचे काम नर्सकडून मावशीकडे ढकलून.

तेव्हा लंडनच्या वॉर्डात बेडपॅन हाती आल्यावर भारतीय पदवीधर नर्सला जो अपमान वाटतो, त्यातील काही भाग वर्णभेदाने केलेल्या अपमानाचा आहे आणि काही भाग जातीने शिकवलेल्या अपमानाचा आहे. तिथली गोरी सिस्टरही गरज पडली की बाही सरसावून रोग्याला पुसते. त्या कामाला ती कमीपणा मानत नाही. ही गोष्ट आपण त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. खरे तर त्यांच्याकडे जाण्याचीही गरज नाही. प्लेगने आजारी पडलेल्या मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात आणणाऱ्या आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी प्राण ठेवणाऱ्या सावित्रीबाई पुण्याच्याच होत्या. स्पर्श हे त्यांनी ओझे मानले नाही, कारण तो कोणी त्यांच्यावर लादलेला नव्हता आणि त्यांनीही तो दुसऱ्यावर ढकलला नाही.

कसोटी सोपी आहे. घाणीचे काम वाईट नाही. ते कायम एकाच पायरीवरच्या माणसांनी करावे, ही व्यवस्था वाईट. ज्या वॉर्डात ते सर्वांत वाटले जाते तिथे ते शुश्रूषा असते. ज्या वॉर्डात ते रंग पाहून किंवा आडनाव पाहून दिले जाते तिथे ती वेठ होते.

५

जातिसंस्थेचे समर्थक तिला श्रमविभाग म्हणून मिरवत. बाबासाहेबांनी १९३६ साली त्या समर्थनाचा फोलपणा दाखवला : इथे कामे वाटली जात नाहीत, काम करणारी माणसेच कप्प्यांत घातली जातात, आणि ते कप्पेही एकावर एक रचलेले असतात. ब्रिटिश इस्पितळात जात नाही. रंग आणि जन्मदेश आहेत. पण रचना या वर्णनाशी किती जुळते पाहा. २०१४ साली तिथल्या आरोग्य सेवेच्या वरच्या जागांचा एक अभ्यास झाला. वरची शिखरे बर्फासारखी पांढरी, असे त्याचे शीर्षक सुचवत होते. २०१५ पासून प्रत्येक इस्पितळाला वंशनिहाय आकडे जाहीर करणे भाग पडले. त्या आकड्यांत वर्षानुवर्षे असे दिसते की मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट असते. शिस्तभंगाच्या कारवाईत उलटे प्रमाण होते; २०१६ मध्ये गोरेतर कर्मचाऱ्यावर अशी कारवाई होण्याची शक्यता सुमारे दीडपट होती. नंतर हे दुसरे अंतर बरेच कमी झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. आकडे उघड केले की लाज वाटते आणि लाज वाटली की थोडे तरी हलते, एवढा धडा त्यातून घेता येतो. आपल्याकडे आरक्षणाचा अनुशेष उघड करायला का टाळाटाळ होते, याचेही उत्तर त्यात आहे.

२०२० च्या करोनाच्या साथीत पहिल्या काही आठवड्यांत ब्रिटनमधील जे आरोग्य कर्मचारी मरण पावले, त्यांत गोरेतरांचे प्रमाण त्यांच्या कर्मचारीसंख्येतील वाट्याच्या कितीतरी पुढे गेले होते. त्यांत फिलिपिनो होते, भारतीय होते, आफ्रिकी होते, कॅरिबियन होते. दारात उभे राहून सारा देश टाळ्या वाजवत होता. टाळ्या आपल्याकडेही वाजल्या, थाळ्याही वाजल्या.

या उतरंडीला एक कायदेशीर कुलूपही आहे. नर्सचा व्हिसा तिला नोकरी देणाऱ्या मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत नवा पुरस्कर्ता मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. काही करारांत ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रवास, परीक्षा, प्रशिक्षण यांचा खर्च परत मागण्याची अट असते आणि ही रक्कम हजारो पौंडांपर्यंत जाते. गावाकडे कर्ज, तिकडे करार. अशी नर्स वॉर्डातल्या अन्यायाविरुद्ध कितपत तोंड उघडेल? ती शांत राहते. तिचे शांत राहणे पाहून व्यवस्थापन म्हणते, ही चांगली रुळली.

६

आपली माणसे परदेशी जातात तेव्हा जात विमानतळावर राहत नाही. ब्रिटनमधील जातिभेदाची तेथील सरकारसाठी पाहणी झाली आणि २०१० च्या अखेरीस तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. नोकरीत आणि लोकांना पुरवल्या जाणाऱ्या सेवांत जातिभेद झाल्याची उदाहरणे तीत नोंदवली आहेत. २०१३ साली ब्रिटिश संसदेने समतेच्या कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ती तशीच पडून राहिली आणि २०१८ मध्ये सरकारने कायद्यात असा शब्द घालणार नाही असे जाहीर केले. न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत, हे त्याचे म्हणणे. या माघारीसाठी तिथल्या सवर्ण हिंदू संघटनांनी जोर लावला होता.

म्हणजे दलित नर्सपुढे दोन उतरंडी उभ्या असतात. एक वॉर्डातली, रंगाची. दुसरी भाड्याच्या घरातली, मंडळातली, आपल्याच देशबांधवांची. पहिल्या उतरंडीत मल्याळी, मराठी, पंजाबी सगळ्याच 'परदेशी नर्स'. काम सुटल्यावर ज्या देशबांधवांकडे आधारासाठी जायचे, तिथे 'गाव कोणते, आडनाव काय' हा प्रश्न वाट पाहत असतो. नव्याला रुळायला आपल्या समाजाची मदत होते, असे सर्रास सांगितले जाते. कोणाच्या समाजाची, हे त्या सांगण्यात राहून जाते.

७

मग आपल्या मुलींनी जाऊ नये काय? असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. गाव सोडण्याने दलितांचे नुकसान झाल्याचे उदाहरण विरळा. बाबासाहेबांनी खेड्याचा मोह कधी धरला नाही. ज्या मुलीची आई दुसऱ्याच्या शेतात खुरपते तिने लंडनला किंवा श्टुटगार्टला जाऊन आपल्या हिमतीवर कमवावे, यात आनंदच आहे. पण तिने आंधळेपणाने जाऊ नये, आणि एकटीनेही जाऊ नये.

एकटीने न जाणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत पश्चिम जर्मनीने दक्षिण कोरियातून दहा हजारांहून अधिक नर्सेस आणल्या. केरळातील मुलीही याच काळात चर्चच्या मार्फत तिथे गेल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर जर्मनीला परके हात नकोसे झाले आणि अनेकींचे परवाने वाढवून मिळेनात. त्या वेळी कोरियन नर्सेसनी १९७७-७८ मध्ये सह्यांची मोहीम काढली. तुम्हांला गरज होती म्हणून आम्ही आलो. आम्ही माल नव्हे की नको झाला म्हणजे परत पाठवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर दीर्घकाळ काम केलेल्यांचा तिथे राहण्याचा हक्क मान्य झाला. या स्त्रिया जर्मनीत रुळल्या त्या भाषा आली म्हणून नव्हे, थंडीची सवय झाली म्हणूनही नव्हे. इथे राहण्याच्या अटी ठरवताना आम्हांलाही विचारावे लागेल, हे त्यांनी भाग पाडले म्हणून.

कार्यकर्ते व शिक्षक यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. मुलीने सही करण्यापूर्वी करार तिला मराठीतून समजावून सांगावा. नोंदणी होईपर्यंत कोणत्या श्रेणीत ठेवणार, किती काळ, कोणत्या पगारावर, हे त्यात लिहिलेले आहे काय? जर्मनीत पात्रतेला मान्यता मिळेपर्यंत सहाय्यक म्हणूनच काम करावे लागते. तो काळ लांबला तर काय? मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि ती काळानुसार कमी होते काय? एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना आहे काय? उत्प्रवासनाच्या नियमांनुसार त्याला तीस हजार रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची मागणी झाली तर तिथेच थांबावे. हा इशारा पोकळ नाही. नर्सेसकडून लाखो रुपये उकळले जात असल्यामुळेच २०१५ साली केंद्र सरकारला आखातासह अठरा देशांसाठी नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घालावे लागले होते. आणि पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात कामगार संघटनेचे सभासद व्हावे. ब्रिटनमध्ये काय, जर्मनीत काय, अशा संघटना आहेत आणि त्या परदेशी नर्सला सभासद करून घेतात.

दुसरे काम इथले आहे. आपल्या जिल्हा इस्पितळात मावशी कंत्राटावर, सफाई कामगार कंत्राटावर, आणि त्यांची मुलगी जी.एन.एम. होऊन परदेशी जाण्याच्या तयारीत, असे चित्र आता दिसू लागले आहे. मुलगी एक पायरी चढली, याचा अभिमान बाळगावा. पण तिने मोकळी केलेली खालची पायरी आपल्याच वस्तीतल्या दुसऱ्या बाईने भरली तर उतरंड जागच्या जागीच राहिली. तिकडे वर्णभेदाविरुद्ध बोलायचे तर इकडे मावशीच्या हातातील बेडपॅनविषयीही बोलले पाहिजे : ते तिच्याच हाती का, कायम का, आणि इतक्या कमी पैशात का? हे तीन प्रश्न ज्या मुलीच्या मनात पक्के झाले आहेत, तिला जगातल्या कोणत्याही इस्पितळात पाठवायला हरकत नाही.